पक्ष्यांच्या बोलांच्या लोककथा : कारणकथा की साक्षकथा?

प्रस्तावना

लोककथांच्या अभ्यासात पक्ष्यांच्या बोलांविषयीच्या कथांना फारसे मानाचे स्थान मिळालेले नाही. ‘अमुक पक्षी असे का ओरडतो?’ या प्रश्नाचे उत्तर देणारी छोटी कथा एवढीच तिची नोंद होते. तिला ‘कारणकथा’ हे नाव मिळते आणि अभ्यासक दैवतकथा, अद्भुतकथा अशा भारदस्त प्रकारांकडे वळतो. स्टिथ थॉम्पसन यांच्या कल्पनाबंध-सूचीत (१९३२-३६, सुधारित आवृत्ती १९५५-५८) या कथांसाठी ‘ए २४२६.२ : पक्ष्यांचे आवाज’ असा क्रमांक आहे. ‘ए’ हा विभाग सृष्टीच्या उत्पत्तीविषयीच्या कल्पनांचा आहे. त्यामुळे एखाद्या मुलीच्या मृत्यूची कथा चंद्रावरील डागांच्या आणि प्राण्यांच्या शेपट्यांच्या कथांशेजारी जाऊन बसते.

या वर्गीकरणामागे एक जुने गृहीत आहे. एडवर्ड टायलर यांच्या ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ (१८७१) या ग्रंथापासून पुराकथा म्हणजे आदिम मानवाचे विज्ञान, असे मानण्याचा प्रघात पडला. ब्रोनिस्लाव मॅलिनॉव्हस्की यांनी १९२६ मध्ये या मताला विरोध केला. कथा कुतूहल शमविण्यासाठी सांगितली जात नाही. प्रचलित समाजव्यवस्थेला ती सनद पुरविते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पक्ष्यांच्या बोलांच्या कथांना मात्र यांपैकी एकही चौकट नीट बसत नाही. त्या पक्ष्याविषयी फारसे काही समजावून देत नाहीत आणि घराच्या प्रचलित व्यवस्थेचे समर्थनही करीत नाहीत. ज्या व्यक्तीचे म्हणणे तिच्या हयातीत कोणी ऐकले नाही, तिची साक्ष या कथांनी जपून ठेवली आहे. कुमाऊँ-गढवालमधील काही कथा प्रमुख आधार म्हणून घेऊन हे विधान प्रस्तुत लेखात तपासले आहे.

एक पक्षी, अनेक वाक्ये

कथा पक्ष्याच्या आवाजातून जन्मते, असे मानले तर एकाच पक्ष्याच्या आवाजातून सर्वत्र साधारण सारखेच वाक्य निघावयास हवे. प्रत्यक्षात तसे दिसत नाही. महाराष्ट्रात पावशा म्हणून ओळखला जाणारा पक्षी (हायरोकॉक्सिक्स व्हेरियस) उन्हाळ्याच्या उत्तरार्धात चढत्या सुरात पुनःपुन्हा ओरडू लागतो. मराठी शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ असे ऐकू येते. हिंदी भाषकांना तोच आवाज ‘पी कहाँ’ असा, म्हणजे प्रियकराचा शोध घेणारा वाटतो. बंगालीत तो ‘चोख गेलो’, म्हणजे ‘डोळे गेले’ असा आकांत होतो. भारतात राहिलेल्या इंग्रजांना त्यात ‘ब्रेन फीव्हर’, म्हणजे मेंदूचा ज्वर ऐकू आला. सूर एकच, पण एका ठिकाणी आज्ञा, दुसऱ्या ठिकाणी विरह, तिसऱ्या ठिकाणी वेदना आणि चौथ्या ठिकाणी परमुलखातील उन्हाळ्याचा त्रास.

कोकिळाकुळातील चार सुरांची साद घालणाऱ्या पक्ष्याची (क्यूक्युलस मायक्रॉप्टेरस) गोष्ट अशीच आहे. बंगालमध्ये तो ‘बौ कथा कओ’, म्हणजे ‘नववधू, बोल गं’ असे विनवितो. केरळात त्याच्या सादेत ‘फणसाला मीठ आहे का?’ असा स्वयंपाकघरातील प्रश्न ऐकला जातो आणि विषूच्या सुमारास त्यालाच ‘बी आणि कुदळ’ यांची आठवण करून देणारा मानले जाते. चीनमध्ये हेच चार सूर ब्रह्मचाऱ्याच्या हालअपेष्टांचे गाऱ्हाणे ठरतात. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात मात्र तो ‘काफल पाको’, म्हणजे ‘काफळ पिकले’ असे सांगतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पक्षी कथेला फक्त लय आणि ऋतू पुरवितो. त्या लयीत कोणते वाक्य बसवायचे, हे ऐकणारा समाज ठरवितो. आणि ते वाक्य त्या समाजाच्या शेतातून, स्वयंपाकघरातून किंवा नात्यागोत्यातून येते. म्हणून ‘पक्षी असे का ओरडतो?’ हा प्रश्न अभ्यासकाला फार दूर नेत नाही. ‘या समाजाला या ऋतूत नेमके हेच का ऐकू आले?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे.

काफळाची टोपली

काफळ हे हिमालयाच्या मध्यम उंचीच्या पट्ट्यात होणारे लहान, लालसर, आंबटगोड फळ आहे. ज्या वृक्षाची साल मराठी घरात ‘कायफळ’ या नावाने औषधात वापरली जाते, त्याचेच हे फळ. उन्हाळ्यात ते पिकते. गरीब कुटुंबे ते जंगलातून गोळा करून विकतात.

कथा थोडक्यात अशी. एक गरीब विधवा सकाळी रानातून टोपलीभर काफळ आणते. ‘मी परत येईपर्यंत राखण कर, पण एकही खाऊ नकोस,’ असे लहान मुलीला बजावून ती शेतावर जाते. मुलगी भुकेली आहे, फळांचा मोह तिला होतो. तरीही ती हात लावीत नाही. दुपारच्या उन्हाने फळे सुकतात आणि टोपली उणी दिसू लागते. थकून आलेली आई उणी टोपली पाहून संतापते. मुलगी ‘मी नाही चाखले’ असे सांगते. आई ऐकत नाही. तिने मारलेला तडाखा वर्मी बसतो आणि मुलगी मरते. संध्याकाळी पावसाने आणि गारव्याने फळे पुन्हा फुगतात. टोपली होती तशी भरते. आईला सत्य उमगते आणि त्या दुःखाने तीही प्राण सोडते. दोघी पक्षी होतात. एक म्हणते, ‘काफल पाको, मैं नि चाखो’. दुसरी उत्तर देते, ‘पुर पुतई, पुर पुर’. मराठीत सांगायचे तर ‘काफळ पिकलं, मी नाही चाखलं’ आणि ‘पुरे आहेत बाळे, पुरे पुरे आहेत’.

या कथेतील बोलाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. ‘का-फल पा-को’ एवढेच शब्द पक्ष्याच्या चार सुरांत बसतात आणि ते केवळ ऋतूची वर्दी देतात. ‘मैं नि चाखो’ हा दुसरा चरण कथेने त्याच लयीत जोडला आहे. पहिला चरण पंचांगाचा आहे, दुसरा जबानीचा. कथा माहीत नसलेल्या माणसाला पहिला चरण पुरेसा होतो. कथा माहीत असलेल्याला मात्र पहिला ऐकताच दुसरा आठवतो. फळ पिकल्याची आनंदाची वार्ता आणि एका मुलीचे निर्दोषत्व ही दोन्ही दरवर्षी एकाच वेळी, एकाच आवाजात सांगितली जातात. एरवी विसरून गेले असते असे एका घरातील दुःख त्यामुळे ऋतुचक्राला बांधले गेले आहे.

दुसरा विचारात घेण्याजोगा तपशील पुराव्याचा. आईने टोपलीचा पुरावा मानला, मुलीच्या शब्दाचा मानला नाही. वस्तू खोटे बोलत नाही आणि मूल बोलू शकते, हा तिचा विश्वास. प्रत्यक्षात टोपलीनेच दगा दिला. तीच टोपली पुढे मुलीच्या बाजूने साक्ष देते. पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. आईच्या क्रौर्यामागे दारिद्र्य आहे, हे कथा लपवीत नाही. फळे खाण्यासाठी नव्हती, विकण्यासाठी होती. म्हणून त्यांचे माप महत्त्वाचे. कथेने आईलाही एक बोल दिला आहे आणि तो बोल कबुलीजबाबाचा आहे. मुलीचे गाऱ्हाणे आणि आईची कबुली यांची ही जोडी आहे. त्यामुळे कथेला खलनायिकेची गरज पडत नाही.

राजसभेतील कबुतरे आणि डोंगरातील आई

वाळल्याने उणे आणि ओलाव्याने पुन्हा पुरे होणारे माप हा कल्पनाबंध लिखित वाङ्मयातही प्राचीन आहे. भारतीय मुळाच्या कथा पहलवीमार्गे अरबीत गेल्या आणि इब्न अल्-मुकफ्फा याने आठव्या शतकात ‘कलीला व दिम्ना’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात कबुतरांच्या जोडप्याची कथा आहे. दोघे घरट्यात गहू-जव साठवितात. नर बाहेर गेला असता उन्हाळ्याने धान्य सुकते आणि साठा कमी दिसतो. परतलेला नर मादीवर चोरीचा आळ घेतो, तिची शपथही मानीत नाही आणि तिला टोचून मारतो. पावसाळी हवेत धान्य फुगते, घरटे पूर्ववत भरते. तेव्हा तो पश्चात्तापाने अन्न सोडून मरतो.

दोन्ही कथांचा सांगाडा एक आहे, पण त्यांचे प्रयोजन वेगळे आहे. कबुतरांची कथा प्रधान राजाला सांगतो. राजाने रागाच्या भरात राणीच्या वधाची आज्ञा दिलेली असते आणि आता तो शोक करीत असतो. शहाण्या प्रधानाने राणीला लपवून ठेवलेले असते. शेवटी ती जिवंत परत मिळते. म्हणजे राजसभेत घाईने झालेली चूक दुरुस्त होते आणि कबुतरी हा त्या धड्यातील एक दृष्टान्त ठरतो. डोंगरातील घरात असा प्रधान नाही. तेथे आज्ञा देणारी आणि अमलात आणणारी व्यक्ती एकच आहे आणि मेलेली मुलगी परत येत नाही. आणखी एक फरक आहे. अरबी ग्रंथात पात्रे पक्षीच असूनही कथेच्या शेवटी कोणताही बोल उरत नाही. मेलेली कबुतरी पुन्हा काही म्हणत नाही. लोककथेत पात्रे माणसे आहेत आणि शेवटी उरतो तो मुलीचा बोलच. नीतिकथा मारणाऱ्याला उद्देशून आहे; लोककथा मारलेल्या व्यक्तीच्या मुखाने बोलते.

थॉम्पसन यांच्या सूचीत अविचाराने केलेल्या वधासाठी ‘एन ३४०’ हा वेगळा क्रमांक आहे. काफळाची कथा तेथे ठेवली तर ती आईची कथा होते, ‘ए २४२६.२’ येथे ठेवली तर पक्ष्याची होते. मुलीची कथा म्हणून तिची नोंद या दोहोंपैकी कोठेही होत नाही. हा दोष सूचीकाराच्या परिश्रमाचा नसून सूची या साधनाचा आहे. सूची घटना मोजते; कोणाचे म्हणणे शिल्लक राहिले, हे तिला मोजता येत नाही.

न ऐकलेले बोल

काफळाची कथा एकटी नाही. कुमाऊँमध्ये चैत महिन्यात विवाहित मुलीला माहेरहून ‘भिटौली’, म्हणजे भेटवस्तू व खाद्यपदार्थ पोहोचविण्याची रीत आहे. घुघूती (ठिपकेवाला होला) या पक्ष्याची कथा या रीतीशी जोडलेली आहे. दूरवरून भिटौली घेऊन आलेला भाऊ बहिणीला झोपलेली पाहतो. दमलेल्या बहिणीची झोप मोडू नये म्हणून भेट ठेवून उपाशीच परत जातो. जागी झाल्यावर तिला हे कळते आणि त्या दुःखाने ती मरते. घुघूती म्हणते, ‘भै भुखो, मैं सिती’. भाऊ भुकेला, मी निजलेली. येथे कोणी कोणाला मारीत नाही, कोणी कोणाशी वाईट वागत नाही. वर्षातून एकदा होणारी भेटही सासरच्या श्रमांमुळे हुकते, एवढेच घडते.

मैदानी मुलखात दिलेल्या डोंगरी मुलीची कथा अधिक उघड बोलते. उन्हाने हैराण झालेली सून माहेरी जाण्यासाठी सासूला विचारते, ‘जूं हो?’, म्हणजे ‘जाऊ का?’ सासू म्हणते, ‘भोल जाला’, म्हणजे ‘उद्या जा’. उद्या येत नाही. सून मरते आणि पक्षी होऊन तोच प्रश्न विचारीत राहते. परवानगी मागण्याचे हे वाक्य व्याकरणदृष्ट्या प्रश्न आहे. कथेने त्याला कायमचे अनुत्तरित ठेवले आहे. सुनेने अवज्ञा केली नाही, भांडण केले नाही, फक्त विचारले. मॅलिनॉव्हस्की यांच्या अर्थाने ही सनद म्हणावी, तर ती सासूच्या अधिकाराची सनद ठरत नाही. अधिकार कथेत जसाच्या तसा राहतो. पण त्याची किंमत दर उन्हाळ्यात मोठ्याने सांगितली जाते.

ए. के. रामानुजन यांनी भारतीय लोककथांचे विवेचन करताना स्त्रियांच्या कथा हे अभिजात परंपरेला समांतर असे वेगळे मूल्यविश्व असल्याचे प्रतिपादन केले आहे. त्यांच्या १९९१ च्या इंग्रजी संकलनातील एका तमिळ कथेत मुलासुनांचा छळ सोसणारी विधवा आपले दुःख कोणाला सांगता येत नाही म्हणून फुगत जाते. शेवटी एका पडक्या घराच्या भिंतींना ती ते सांगते. एकेक भिंत कोसळते आणि ती हलकी होते. न सांगितलेले दुःख कोठेतरी जावेच लागते, हे त्या कथेचे सूत्र. कुमाऊँच्या कथांत ते पक्ष्याकडे जाते.

ही प्रवृत्ती भारतापुरती मर्यादित नाही. ‘ओडिसी’च्या एकोणिसाव्या सर्गात पेनेलोपी पांडारिऑसच्या कन्येचा उल्लेख करते, स्वतःच्याच मुलाला भान हरपून मारल्यानंतर ती नाइटिंगेल होऊन शोक करीत राहते. पापुआ न्यू गिनीतील कालुली समाजाविषयीच्या ‘साउंड अँड सेंटिमेंट’ (१९८२) या ग्रंथात स्टीव्हन फेल्ड यांनी एका भावाबहिणीची कथा केंद्रस्थानी ठेवली आहे. थोरली बहीण धाकट्या भावाला तिने पकडलेले झिंगे देण्यास पुनःपुन्हा नकार देते. तो ‘मुनी’ नावाचा कबूतरवर्गीय पक्षी होऊन उडून जातो. ती त्याला हाका मारते, पण तो परतत नाही. त्या पक्ष्याच्या उतरत्या सुरांवरच कालुलींचे रडणे आणि गाणे आधारलेले आहे, असे फेल्ड दाखवितात. अन्न, जवळचे नाते आणि नाकारलेली विनंती हे तीन घटक तेथेही आहेत. या साम्यांवरून कथांचा प्रवास सिद्ध होत नाही; परंतु पक्ष्याचा आवाज आणि घरातील न ऐकलेला शब्द यांची सांगड अनेक समाजांनी घातली आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

संस्कृत परंपरेशी तुलना केली असता या कथांचे वेगळेपण ठळक होते. रामायणाच्या आरंभी क्रौंचवधाच्या प्रसंगी पक्ष्याच्या विलापाने वाल्मीकींचा शोक जागा होतो आणि त्याचा श्लोक होतो. आनंदवर्धनांनी काव्यविचारात या प्रसंगाला मोठे स्थान दिले. तेथे पक्ष्याच्या दुःखातून माणसाची वाणी जन्मते. लोककथेत दिशा उलट आहे. माणसाची वाणी माणसांनी ऐकली नाही, म्हणून ती पक्ष्याकडे जाते.

अपवादांची तपासणी

या विधानाला आक्षेप घेता येईल. सर्वच कथांत पक्षी निर्दोष व्यक्तीचा नसतो. गढवालमध्ये चातकाची साद ‘सरग दिदा, पाणि दे’, म्हणजे ‘आकाशदादा, पाणी दे’ अशी ऐकली जाते. तहानलेल्या बैलाला पाणी न पाजताच पाजल्याचे खोटे सांगणाऱ्या मुलीची ही कथा. बैल तहानेने मरतो आणि त्याच्या शापाने मुलगी पक्षी होऊन जन्मभर पाण्यासाठी ओरडते. येथे बोल ही शिक्षा आहे, साक्ष नाही, असे म्हणता येईल. परंतु त्या बोलातील तहान मुळात कोणाची, हे पाहिले पाहिजे. ती बैलाची आहे. मुक्या जनावराला स्वतःची तहान सांगता आली नाही. कथेने ती खोटे बोलणाऱ्या मुलीच्याच तोंडी घातली. ज्याचे ऐकले गेले नाही त्याचेच म्हणणे येथेही उरले आहे. फक्त बोलणारे तोंड बदलले आहे.

दुसरा आक्षेप निसर्गज्ञानाचा. या कथा निरीक्षणातून आल्या असतील, तर त्यांत पक्ष्याच्या जीवनाचे काही ज्ञान असले पाहिजे. ‘काफल पाको’ म्हणणारा पक्षी दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतो; त्याचे पिल्लू स्वतःच्या आईकडून कधीच वाढविले जात नाही. कोकिळेचा हा स्वभाव भारतीयांना प्राचीन काळापासून ठाऊक होता. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत त्याचाच आधार घेऊन शकुंतलेवर अविश्वास दाखवितो. माय-लेकीच्या नात्याची कथा रचताना लोकमानसाने नेमका हाच पक्षी निवडला आणि त्याच्या या स्वभावाचा उल्लेखही केला नाही. स्पष्टीकरण हा हेतू असता तर ही उपेक्षा झाली नसती.

मराठीतील ‘पेरते व्हा’

मराठी वाचकाच्या दृष्टीने एक प्रश्न उरतो. पावशाच्या ‘पेरते व्हा’ या सर्वपरिचित बोलात मृत मुलगी नाही, सासू नाही, पश्चात्ताप नाही. तो शुद्ध पंचांगाचा बोल आहे. काफळाच्या कथेतील पहिला चरण तेवढा येथे आहे. मराठी स्त्रीने आपली साक्ष जात्यावरच्या ओवीत ठेवली, म्हणून पक्षी शेतीविषयी बोलण्यास मोकळा राहिला, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जमविलेल्या लाखाच्या घरातील ओव्या पाहता तो मोह समजण्यासारखा आहे. तथापि हे अनुमान टिकत नाही. कारण कुमाऊँतही न्योलीसारखा विरहगीतांचा समृद्ध प्रकार आहे आणि तरीही तेथे पक्षी बोलतात.

अधिक सावध निष्कर्ष असा, की बोल आणि कथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोल सर्वत्र असतो. कथा काही ठिकाणी त्याला येऊन मिळते. पेरणीच्या आज्ञेला कथेची गरज नाही, कारण ती आज्ञा पाळली जाते. मातीत बी पडले, की बोलाचे काम संपते. जो बोल पाळला गेला नाही, ज्याला उत्तर मिळाले नाही, त्यालाच कथा लागते. या दृष्टीने ‘पेरते व्हा’ हा बोल प्रस्तुत विधानाला अपवाद ठरत नाही; तो त्याची दुसरी बाजू दाखवितो.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष संभवतात.

१. एकाच पक्ष्याच्या आवाजात भिन्न समाजांना भिन्न वाक्ये ऐकू येतात. म्हणून या कथांचा उगम पक्ष्याच्या आवाजात नसून ऐकणाऱ्या समाजाच्या अनुभवात शोधावा लागतो.

२. कुमाऊँ-गढवालच्या कथांत पक्ष्याचा बोल ही जिवंतपणी अमान्य झालेल्या किंवा अनुत्तरित राहिलेल्या शब्दाची साक्ष आहे. ‘कारणकथा’ हे नाव त्यांच्या बाह्य रूपाचे वर्णन करते, कार्याचे नाही.

३. समान कल्पनाबंध राजनीतीच्या ग्रंथात दृष्टान्त होतो आणि घरगुती कथेत शोक होतो. केवळ कल्पनाबंधाच्या क्रमांकावरून कथेचा अर्थ ठरविता येत नाही.

४. अशा कथांचे संकलन करताना मूळ बोलीतील बोल जसाच्या तसा, पक्ष्याची ओळख, ऐकण्याचा महिना आणि सांगणाऱ्या व्यक्तीचे घरातील स्थान यांची नोंद आवश्यक आहे. केवळ प्रमाणभाषेतील सारांश घेतला तर कथा उरते, साक्ष हरवते.

शेवटचा मुद्दा अध्यापनाशी संबंधित आहे. वर्गात या कथा बालकथा म्हणून सांगितल्या जातात आणि ‘घाई करू नये’, ‘खोटे बोलू नये’ असे तात्पर्य काढले जाते. ते चुकीचे नाही. पण त्याने कथा पुन्हा मोठ्यांच्या हाती जाते आणि मुलगी दृष्टान्तापुरती उरते. ‘तात्पर्य काय?’ या प्रश्नाऐवजी ‘या घरात कोणाचे ऐकले गेले नाही?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर टोपलीपाशी भुकेली बसून राहिलेली मुलगी पुन्हा कथेच्या मध्यभागी येते. डोंगरातील समाजाने तिच्यासाठी एवढेच केले, की दर उन्हाळ्यात काफळ पिकताना तिचे वाक्य त्याने ऐकले.